मे महिन्यात आमच्या ओटीवर टिकलेली चित्रपुस्तकं

आधीच सांगते, ही सगळी पुस्तकं तीन ते सात वर्षांच्या पोरांसाठीची आहेत आणि ती वाचली गेलीत रत्नागिरीकडच्या मालगुंडजवळच्या आमच्या वाडीत, ओटीवर, मे महिन्याच्या दुपारी, आंब्याने माखलेल्या हातांनी. त्यामुळे कपाटात कोणतं पुस्तक छान दिसतं ते मला विचारू नका. कोणतं पुस्तक पोरं परत परत मागतात आणि कोणतं एकदा उघडून खाटेखाली जातं, तेवढं मात्र मी खात्रीने सांगू शकते, कारण महिनाभर दुसरं काही बघितलंच नाही.

दरवर्षी नणंद डोंबिवलीहून दोन्ही मुलांना घेऊन सुट्टीला येते, भाचा सात वर्षांचा, भाची तीनची आणि माझी लेक साडेचारची. सकाळी पोरं बागेत नाहीतर समुद्रावर, संध्याकाळी अंगणात, पण दुपारी बारा ते चार काय करायचं? बाहेर ऊन मी म्हणत असतं, घामाने अंग चिकचिकत असतं, लाईटचा भरवसा नाही, आणि आमच्याकडे ते दिवस ऐन आंब्याचे म्हणजे आढी, पेंढ्यात पिकायला घातलेले आंबे, उलटायची, पिकलेले वेगळे काढायचे, पेट्या भरायच्या, घरातलं एकही मोठं माणूस मोकळं नसतं. गेल्या वर्षी मग पोरांच्या हातात मोबाईल दिला गेला, आणि तीन पोरांत एक मोबाईल म्हणजे काय होतं ते ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांना सांगायला नको. म्हणून यंदा मार्चमध्येच ठरवलं की पुस्तकं आणायची आणि नीट बघून आणायची.

पहिली खरेदी फसली. ऑनलाईन दहा पुस्तकांचा एक संच स्वस्तात मिळत होता, फोटोत एकदम चकचकीत, मी घाईत मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही. मराठी होतं पण आपण बोलतो तसं एकही वाक्य नव्हतं, ससा कासवाला म्हणतो "मी तुझ्यासाठी आनंदी आहे", आता असं कोण कोणाला म्हणतं हो? वाचून दाखवताना माझीच जीभ अडखळायची आणि पोरांना लगेच कळतं की हिला हे वाचायला मजा येत नाहीये. पण खरी गंमत फळांच्या पुस्तकात झाली. त्यात फणस काढलेला फांदीच्या अगदी टोकाला, सफरचंद लोंबावं तसा. माझी लेक ते पान घेऊन थेट मागच्या पडवीतून फणसाखाली गेली, वर बघून परत आली आणि म्हणाली, "आई, ह्यांचा फणस चुकलाय, तो खोडाला लागतो." मग तिघं चुका शोधायलाच बसली. काजूची बी बोंडूच्या वरच्या बाजूला, आणि आमच्या परसातल्या काजूला तर ती खाली लटकलेली. आंबा देठाशिवाय फांदीला चिकटवलेला. भाचा डोंबिवलीचा असला तरी दर मे महिन्यात इथेच असतो, त्याने पेन्सिलने सगळ्या आंब्यांना लांब देठ काढून दिले. त्या दिवसापुरतं ते पुस्तक चाललं, नंतर आख्खा संच खाटेखाली.

मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की ज्याला वाचता येत नाही ते पोर चित्र वाचत असतं, आणि ते आपल्यापेक्षा बारीक वाचतं. आपली नजर आधी अक्षरांवर जाते, चित्र आपण नुसतं बघून सोडतो. त्यांच्यासाठी मजकूर म्हणजे चित्रच. त्यात काढणाऱ्याने घाई केली असेल तर ती दुसऱ्या वाचनालाच पकडली जाते.

ह्या महिन्यातलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक मात्र विकत आणलेलं नव्हतंच. आढीसाठी माळ्यावरून पेंढा काढताना एक जुनी पत्र्याची ट्रंक खाली आली, त्यात नणंदेच्या लहानपणीचं एक पुस्तक, कव्हर गेलेलं, पहिली दोन पानंही गेलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. आत सगळी पानभर चित्रं, शब्द फार थोडे, आणि मधलं जोडपान म्हणजे आठवडी बाजार. इतकी माणसं त्या एका चित्रात, की मी मोजायला घेतली तर त्रेचाळीसवर सोडून दिली. तागडी धरलेला भाजीवाला, छत्री दुरुस्त करणारा, मासेवाली आणि तिच्या मागे टपून बसलेलं मांजर, आईचा पदर सुटलेला एक पोरगा जो फुग्यांकडे बघतोय आणि आई चार माणसं पलीकडे बांगड्या बघतेय. पोरांना हा हरवलेला पोरगा पहिल्याच दुपारी सापडला आणि मग रोज त्याला आईकडे न्यायचा रस्ता बोटाने काढायचा हा खेळच झाला, ह्या गाड्याच्या मागून, त्या बैलाच्या पोटाखालून, आणि रस्ता प्रत्येकाचा वेगळा.

मग एक दिवस मोठी आजी त्यात आली. मोठी आजी म्हणजे माझ्या सासऱ्यांची आई, पंच्याऐंशीच्या पुढची, दुसरीपर्यंत शाळा, अक्षरं लावून लावून वाचते पण चष्मा लावला तरी आता बारीक दिसत नाही. पुस्तकं आली की ती आपली लांब बसायची, "तुमचं चालू द्या." त्या दुपारी आम्ही सगळी आढीच्या खोलीत होतो आणि भाचीने ते पुस्तक सरळ नेऊन तिच्या मांडीवर ठेवलं, "वाच." तिने बराच वेळ ते पान डोळ्यांजवळ धरून बघितलं, मग मासेवालीवर बोट ठेवून म्हणाली, "अगो बाय, हिच्या डोक्यावर चुंबल कुठाय? चुंबलीशिवाय पाटी रवेल काय?"

आम्ही कोणीच ते बघितलं नव्हतं. इतके दिवस ते पान समोर आहे आणि पाटी नुसत्याच डोक्यावर ठेवलीये हे मला दिसलं नाही, कारण मी कधी डोक्यावर पाटी घेतली नाही. मोठी आजी तरुणपणी आंबे, कोकमं, कधी शेण्या घेऊन जाकादेवीला बाजाराला चालत जायची. तिने मग लेकीचा टॉवेल घेतला, पिळा घातला, गोल गुंडाळून चुंबळ केली आणि तिच्या डोक्यावर ठेवून वर रिकामी परडी ठेवली. ती परडी पडेना! पुढचे आठ दिवस घरातले सगळे टॉवेल चुंबळी झाले होते. आणि पुढे जे कुठलं पुस्तक आलं त्यात डोक्यावर ओझं घेतलेलं माणूस दिसलं की पहिला प्रश्न चुंबळ आहे का. एका पुस्तकात होती तेव्हा तिघांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मोठ्या आजीची दुपारची झोप गेली म्हणा ना. ती तिच्या बोलीत वाचायची आणि रोज वेगळं वाचायची, आज तो भाजीवाला लबाड असायचा, उद्या तोच हरवलेल्या पोराचा मामा निघायचा. मी छापील ओळ चुकवली तर भाची मला लगेच अडवते, "मामी, असं नाहीये", पण मोठ्या आजीला ती कधी अडवत नाही. छापील शब्द थोडे असले की घरातलं कुठलंही माणूस वाचून दाखवू शकतं, शाळा किती झाली, चष्म्याचा नंबर काय, काही आड येत नाही. चित्रपुस्तक घेताना मी आता पहिल्यांदा हेच बघते, की ह्यातलं एक पान मोठ्या आजीच्या हातात दिलं तर तिला बोलण्यासारखं काही आहे का.

तसल्या भरल्या चित्रांचं, आणि आज विकत मिळणारं, असं पुस्तक शोधताना मला ज्योत्स्ना प्रकाशनाचं 'चित्रवाचन' मिळालं, माधुरी पुरंदरे यांचं. त्या स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, त्यामुळे शब्द एकीकडे आणि चित्र दुसरीकडे असं होत नाही. नावातच सगळं आलं, इथे वाचायचं ते चित्र. आपल्याकडची माणसं, आपल्याकडचे चेहरे, कपडे, उभं राहायची बसायची पद्धतसुद्धा आपली. भाच्याने आधी नाक मुरडलं होतं, "हे लहान मुलांचं आहे, मला वाचता येतं", आणि शेवटी सगळ्यात जास्त वेळ तोच घेऊन बसला, कारण त्याच्याकडे बोलायला शब्द जास्त आहेत. सात वर्षांच्या मुलाला चित्रांचं पुस्तक बाळबोध वाटेल असं समजू नका. दुसरी-तिसरीत गेली की आपणच त्यांची चित्रं काढून घेतो आणि बारीक अक्षरांची पुस्तकं हातात देतो, मग म्हणतो वाचत नाहीत.

त्यांचाच 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच धाकट्या दोघींसाठी आणला. राधाच्या घरातल्या एकेका माणसावर एकेक पुस्तक. मजकूर इतका कमी की तिसऱ्या दिवशी भाचीचा पाठ, आणि आकार तिच्या हातात मावणारा. हे आकाराचं कोणी सांगत नाही. मोठ्ठं पुस्तक दुकानात भारी वाटतं पण तीन वर्षांच्या पोराला ते मांडीवर धरता येत नाही, पान उलटताना फाटतं, मग आपण ओरडतो आणि मग ते पुस्तक आईच्या हातातलं होऊन बसतं. ही छोटी पुस्तकं भाची स्वतः घेऊन फिरायची, संडासच्या वाटेवरसुद्धा एक हातात. आणि गोष्टी म्हणाल तर गोष्ट अशी मोठी काही नाही, घरातली माणसं आहेत, ती रोज काय करतात ते आहे. माझ्या सासूबाईंना वाटलं ह्यात काय आहे, राक्षस नाही, राजा नाही. पण पोरांना आपल्याच घरासारखं घर पुस्तकात दिसलं ह्याचंच केवढं कौतुक होतं! लेकीने मग वापरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजू जोडून 'आमचं घर' असा संच काढला, मोठ्या आजीचं एक, आत्याचं एक, आणि दोन मांजरांची दोन. आजीच्या पुस्तकात प्रत्येक पानावर चुंबळ आहे.

नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं आपल्या पिढीने पण वाचलीत, १९५७ पासूनची संस्था आहे, नेहरू बाल पुस्तकालय ही त्यांची मुलांची मालिका. किमती अजूनही परवडणाऱ्या. आमच्याकडे मिकी पटेल यांची रूपा हत्तीण चालली, आपला रंग साधा आहे म्हणून हिरमुसलेली ती हत्तीण. भाचीने दोन दिवस तिला खडूने रंगवायचा हट्ट धरला, मग मी नारळाच्या झावळीवरची करडी धूळ दाखवली, अंगणातला कातळ दाखवला, म्हटलं हा बघ रूपाचा रंग. आता आमच्या कातळाचं नाव रूपा आहे.

द्विभाषिक पुस्तकं हवी असतील तर चेन्नईची तूलिका, १९९६ पासून मुलांची पुस्तकं काढतात आणि मराठी-इंग्रजी एकाच पानावर असलेली पुस्तकं त्यांच्याकडे मिळतात. इंग्लिश मीडियमच्या भाच्याला हे सोयीचं पडलं, मराठी ओळ अडली की खाली डोकावून बघायचा आणि परत वर यायचा, आठवड्याभरात डोकावणं कमी झालं. धाकट्यांना दोन लिप्यांशी काही देणंघेणं नाही, त्या चित्रात.

आता फुकटचं. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर ज्यांना माहीत नाही त्यांनी आजच बघा, २०१५ साली सुरू झालं, शेकडो भाषांतली चित्रपुस्तकं आहेत, मराठीत भरपूर, एक रुपया पडत नाही. पुस्तकांना एक ते चार अशा पातळ्या दिल्यात. पहिली पातळी म्हणजे अडीचशे शब्दांच्या आत, नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी, दुसरी साधारण सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारपर्यंत आणि चौथी त्याच्या पुढची. शोधताना पातळी निवडता येते हे फार बरं आहे. कुणीही भाषांतर करून टाकू शकतं, म्हणून पोरांपुढे ठेवायच्या आधी एकदा स्वतः मोठ्याने वाचून बघा, तोंडात नीट बसतंय ना. बसलं तर घ्या.

आमच्या वाडीत खाली रेंज नाही, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जावं लागतं. मी एका संध्याकाळी वर बसून पंधरावीस पुस्तकं पीडीएफ डाऊनलोड करून आणली. पण मोबाईलवर दाखवायला गेले आणि दुसऱ्या मिनिटाला "आता गेम लाव". मोबाईल म्हटला की त्यांच्या डोक्यात गेमच, त्यात त्यांचा दोष नाही. मग रत्नागिरीला पेट्या घेऊन गाडी जाणार होती तिच्याबरोबर गेले आणि झेरॉक्सच्या दुकानातून सहा पुस्तकं छापून घेतली. ह्या पुस्तकांचं लायसन्सच असं आहे की नाव-श्रेय तसंच ठेवून छापायला, वाटायला, बदलायलासुद्धा मोकळीक आहे. रंगीत प्रिंट महाग पडते म्हणून ब्लॅक अँड व्हाईट काढली आणि घरी आणून पोरांपुढे खडू टाकले. रंगवता रंगवता त्यांनी चित्रं जेवढी बारकाईने बघितली तेवढी छापील रंगीत पुस्तकात बघितली नसती असं मला वाटतं. मुंग्यांच्या एका गोष्टीत प्रत्येक पानावर कोपऱ्यात एक उलटी चालणारी मुंगी होती, ती गोष्टीत कुठेच येत नाही, ती रंगवतानाच सापडली. लिहिणाऱ्याने एक सांगायचं आणि काढणाऱ्याने गुपचूप दुसरंच काहीतरी पोरांसाठी ठेवायचं, असलं पुस्तक मिळालं की समजा महिना निघाला.

दुसऱ्या एका पुस्तकातलं मराठी आम्ही आमच्या बोलीत बदललं, मोठ्या आजीला विचारून विचारून. भाच्याने ते खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, त्याचं शुद्धलेखन चुकलं तसंच ठेवलं. शाळेत मराठीचा तास म्हटलं की ह्याच्या पोटात दुखतं, नणंद सांगत होती. इथे दोन दुपारी सलग लिहीत बसला.

टिकण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण आमच्या हवेत पुस्तक टिकवणं हे वेगळंच काम आहे आणि पुण्यात राहणाऱ्या लोकांच्या रिव्ह्यूत हे कधी येत नाही. पातळ पुस्तकं मध्ये दोन पिना मारलेली असतात. खाऱ्या वाऱ्याला त्या पिना एका पावसाळ्यात गंजतात, तांबडा डाग मधल्या पानावर पसरतो, मग पीन तुटते आणि मधली चार पानं सुटून पहिली हरवतात. त्या जुन्या पुस्तकाचं कव्हरही असंच सुटून गेलं असणार. मी आता पुस्तक आलं की पहिलं काम हे करते, मधलं पान उघडायचं, चाकूच्या टोकाने पिनेचे पाय सरळ करून ती हळूच बाहेरून ओढायची, आणि त्याच चार भोकांतून गोधडीच्या सुईने दुहेरी दोरा घालून टाके मारायचे, गाठ आतल्या बाजूला. पाच मिनिटांचं काम. पोरं शेजारी बसून बघतात आणि त्या पुस्तकाला मग जरा जपतात, आईने शिवलंय म्हणून.

कागद गुळगुळीत चकाकणारा असेल तर दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात, आणि आंब्याचा रस लागला तर सोडवताना चित्राचं साल निघतं. साधा मॅट कागद ह्याबाबतीत चांगला, डाग राहतो पण पान वाचतं. जाड पुठ्ठ्याची बोर्ड बुकं धाकट्यांना उत्तमच, चावली तरी चालतात, पण ओली झाली तर थर सुटतात म्हणून पाण्याच्या मडक्यापासून लांब. बटण दाबलं की आवाज येणारं एक पुस्तक गेल्या वर्षी कोणीतरी दिलं होतं, यंदा उघडलं तर आत सेल गंजून हिरवे, ते असल्या हवेत घेऊच नका. पावसाळ्यात पुस्तकं डब्यात ठेवताना मी वेखंडाचे तुकडे टाकते, डांबरगोळ्या नाही, पोरं तोंडात घालतात.

वाचनालयाचं सांगू का, सांगायला वाईट वाटतं पण सांगते. जवळच्या एका वाचनालयात मी एप्रिलमध्ये चार खेपा घातल्या. बालविभागाचं कपाट आहे, त्याला कुलूप, चावी ज्यांच्याकडे ते पहिल्या वेळी लग्नाला गेलेले, दुसऱ्या वेळी जेवायला. चौथ्या खेपेला उघडलं तर आत छान छान पुस्तकं, कोरी करकरीत, दहा वर्षांपूर्वीच्या शिक्क्याची, एकही फाटलेलं नाही. लेकीने हात लावला तर "बाळ, हात नको लावू, खराब होतात." पोरांची पुस्तकं खराब झाली पाहिजेत हो! कोरी राहिली म्हणजे कोणी वाचली नाहीत. रत्नागिरीत १८२८ सालापासून वाचनालय आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं म्हणून आपण अभिमानाने सांगतो, मालगुंड तर केशवसुतांचं गाव, आणि इथल्या चार वर्षांच्या पोरीला कपाटातलं पुस्तक काचेतून बघावं लागतं हे मला पटलं नाही. मी तिथल्या काकांना शांतपणे म्हटलं की खालचा एक खण उघडा ठेवा, फाटलेली पुस्तकं मी शिवून देईन. ते "बघू" म्हणालेत. सुट्टी संपली की परत जाणार आहे.

घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी ज्या मला आधी कळायला हव्या होत्या. शक्य असेल तर पुस्तक हातात घेऊन, मधलं कुठलंही पान उघडून, अक्षरांवर हात ठेवून नुसतं चित्र बघा, आणि त्यावर तुम्हाला स्वतःला दोन मिनिटं बोलता येतंय का ते पहा. नाही आलं तर पोर पण नाही बोलणार. ऑनलाईन घेत असाल तर आतल्या पानांचे फोटो नसतील तर घेऊच नका, नुसत्या कव्हरवर मी फसले. शेवटच्या पानावर "ह्यातून आपण काय शिकलो" असं असलेली पुस्तकं आमच्याकडे चालली नाहीत, त्या पानावर आलो की लेक पुस्तक मिटायची. आणि वाचताना "हा कुठला रंग, हे किती आहेत" असं सारखं विचारू नका, मी पहिल्या आठवड्यात तेच करत होते आणि पोरांचा चेहरा शाळेतल्यासारखा व्हायचा. "हा कुठे चाललाय बरं?" म्हटलं की बोलायला लागतात. नाहीतर नुसतं गप्प बसा, पान त्यांना उलटू द्या. आपण फार लवकर उलटतो.

एका दुपारी किती पुस्तकं? आमच्याकडे दोन, कधी एकच, पण तेच सहा वेळा. कंटाळा आपल्याला येतो, त्यांना येत नाही. सहाव्या वेळी भाची त्या हरवलेल्या पोराच्या आईकडे बघून म्हणाली, "हिला अजून कळलंच नाहीये." पाच वेळा वाचून झाल्यावर तिला आईचा चेहरा दिसला होता, तोपर्यंत ती फक्त पोराकडे बघत होती.

खर्च म्हणाल तर फसलेला संच, झेरॉक्स, कुरियर सगळं धरून दोन हजारांच्या आत, म्हणजे आमच्याकडची एक चांगली पेटी. मोबाईल बंद झाला असं नाही, संध्याकाळी अर्धा तास असतोच, पण दुपारी मागितला नाही हे खरं.

मिरगाचा पाऊस पडायच्या आधी नणंद निघाली, पंधरा जूनला शाळा. भाचीने बॅगेत परस्पर 'राधाचं घर' आणि 'चित्रवाचन' भरलेलं, म्हटलं ने, मी दुसरं मागवते. ते बिनकव्हरचं जुनं पण तिला हवं होतं, त्यावरून रडारड झाली, नणंद म्हणाली माझंच तर आहे, देऊन टाक. पण ते मोठ्या आजीच्या उशाखाली होतं आणि तिने काही दिलं नाही. शेवटी भाच्याने मोबाईलवर बाजाराच्या पानाचा फोटो काढून घेतला. रविवारी डोंबिवलीहून फोन आला की भाची तो फोटो मोठा करून बोटाने रस्ता काढते आणि इकडे मोठी आजी पुस्तक मांडीवर घेऊन कानाला फोन लावून सांगते, आता डावीकडे वळ, तिथे बैल आहे, सांभाळून.